कोबी आंबवावा, ऊस आंबू देऊ नये



पूर्वहंगामी उसात आंतरपीक म्हणून आपल्यापैकी बरेच जण कोबी लावतात. ऊस मोठा होईपर्यंत दोन पैसे सुटावेत हा हिशेब. पण सगळ्यांचे गड्डे एकदम तयार होतात, बाजार पडतो आणि अडत, हमाली, गाडीभाडे वजा जाता हाती येणारी पट्टी पाहवत नाही. मग उभ्या कोबीत मेंढरे सोडायची पाळी येते. सगळा माल वाचवण्याचा उपाय आमच्यापाशी नाही. मात्र घरापुरते दहा-वीस गड्डे टिकवण्याची एक रीत सांगतो. तिच्यात ऊसवाल्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी एक गोष्टही आहे.

जर्मनीत कोबी मिठात मुरवून हिवाळाभर खातात. त्याला तिकडे ‘झाउअरक्राउट’ म्हणजे आंबट कोबी म्हणतात. १७६८ साली इंग्लंडहून निघालेल्या कॅप्टन कुकने खलाशांना स्कर्व्ही होऊ नये म्हणून तो जहाजावर भरून घेतला होता. खलाशी आधी खाईनात. कुकने तो रोज अधिकाऱ्यांच्या पंगतीला वाढायला लावला. मग इतकी मागणी झाली की मोजून वाटायची वेळ आली!

कृती सोपी आहे. घट्ट, ताजे गड्डे घ्यावेत. बाहेरची पाने व दांडा काढून कोबी बारीक चिरावा. १० किलो चिरलेल्या कोबीस २०० ते २५० ग्रॅम मीठ वजन करून घ्यावे, अंदाजपंचे नको. मीठ चोळून पाणी सुटू द्यावे आणि चिनी मातीच्या बरणीत मुठीने दाबून भरावा. तांब्या-लोखंडाचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे चालत नाही. वर ताटली व वजन ठेवावे. कोबी सतत पाण्याखाली राहिला पाहिजे. पाणी कमी पडल्यास लिटरला २५ ग्रॅम मीठ घालून उकळून गार केलेले पाणी ओतावे. वर पांढरी साय आल्यास काढून टाकावी. बुळबुळीत झाला, गुलाबी पडला किंवा घाण वास आला, तर बरणी उकिरड्यावर रिकामी करावी. चव पाहू नये.

२० ते २२ अंश उष्णतेत तीन-चार आठवड्यांत कोबी तयार होतो. म्हणून हे काम थंडीतले. आम्ही हौसेने एकदा चैत्रात केले आणि सगळा लगदा झाला.

बाटलीबंद करायचा तर कोबी पाण्यासकट हळूहळू उकळी आणून गरम, स्वच्छ काचेच्या बाटल्यांत भरावा. वर अर्धा इंच जागा सोडावी, हवेचे बुडबुडे काढावेत व हवाबंद झाकण लावावे. मग बाटल्या पूर्ण बुडतील अशा उकळत्या पाण्यात अर्ध्या लिटरच्या १५ मिनिटे, लिटरच्या २० मिनिटे ठेवाव्यात. समुद्रकाठी पाच मिनिटे कमी चालतात. आपला भाग उंचावर असल्याने पाणी थोड्या कमी उष्णतेलाच उकळते. भाकरीबरोबर छान लागतो, पण मीठ बरेच असते. रक्तदाब असलेल्यांनी जपून खावा. विकायचा विचार असेल तर आधी अन्न परवान्याची चौकशी करावी.

आता ती ऊसवाल्यांची गोष्ट. कोबी आंबवण्याची सुरुवात ‘ल्युकोनोस्टॉक’ नावाचा जंतू करतो. तो कोबीतल्या साखरेचे आम्ल करतो. आंबटपणा वाढला की तो मागे हटतो व त्याचे भाऊबंद काम पुरे करतात. आम्लामुळेच घातक जंतू वाढत नाहीत. आपल्या मुरघासातही आम्लच चारा टिकवते.

पण हाच जंतू तोडून पडलेल्या उसात कापल्या टोकांतून शिरतो. तिथे तो साखर खाऊन ‘डेक्स्ट्रान’ नावाचा चिकट पदार्थ बनवतो. रस बुळबुळीत होतो, गाळण रखडते, दाणा नीट पडत नाही आणि उतारा घसरतो. शिवाय पडून राहिलेल्या उसाचे वजन घटते, ते सरळ सभासदाच्या खिशातून जाते.

तेव्हा बंधूंनो, या जंतूला बरणीत थारा द्या, फडात देऊ नका. वाहनाची खात्री झाल्याशिवाय कोयता लावू नये. तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडेल एवढे आपण आणि आम्ही मिळून पाहू.

— ऊस विकास अधिकारी