पेला कशासाठी उचलायचा?

खडकपाड्याच्या आमच्या सोसायटीतले एक काका परवा संध्याकाळी हातात बाटली घेऊनच घरी आले. जावयानं इटलीहून आणलेली लाल वाइन. काका सत्तरीचे. दहा वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि आजवर त्यांनी दारूला हात लावलेला नाही. बाटलीवर तीन गोष्टी ठळक छापलेल्या होत्या : सेंद्रिय, कोशर आणि उंच डोंगरावरच्या मळ्यातली द्राक्षं. काका म्हणाले, ‘‘जावई सांगतो, रोज रात्री एक पेला घ्या, हृदयाला चांगली असते. शिवाय ही सेंद्रिय आहे. सुरू करू का?’’

हा प्रश्न एकट्या काकांचा नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नाही’ हे वाक्य घरोघरी पोचलं. वाद थंडावला, वाक्य मात्र डोक्यात राहिलं. म्हणून काकांसोबत बसून ते लेबल एकेक शब्द लावून वाचलं. तेच तुमच्यासमोर ठेवतो.

डोंगराचा गुण

उंचावरची द्राक्षं वेगळी असतात, यात खोटं काही नाही. दर हजार मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते आणि सूर्याचे अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. या किरणांपासून बचाव करायला द्राक्ष आपल्या सालीत रंगद्रव्यं आणि इतर पॉलिफेनॉल्स जास्त साठवतं. रात्री गारवा असल्यानं फळातलं आम्लही लवकर ओसरत नाही. इटलीत एटना ज्वालामुखीच्या उतारावर हजार मीटरच्या आसपासही द्राक्षमळे आहेत. आपलं नाशिक जवळपास सहाशे मीटरवर आहे. तिथला शेतकरी एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या करून पीक थंडीत आणतो, त्यामागेही दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारवा साधण्याचंच गणित आहे.

डोंगरामुळे वाइनचा रंग, वास आणि चव बदलते. पिणाऱ्याच्या हृदयाला त्याचा फायदा होतो का, हा वेगळा प्रश्न. त्याकडे पुढे येऊ.

सेंद्रिय आणि कोशर

सेंद्रिय म्हणजे मळ्यात कृत्रिम कीटकनाशकं आणि रासायनिक खतं वापरलेली नाहीत. पण फवारणीच नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. केवडा आणि भुरी हे द्राक्षाचे जुने वैरी. त्यांच्यावर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण आणि गंधक सेंद्रिय शेतीतही चालतं. युरोपीय संघानं २०१२ पासून ‘सेंद्रिय वाइन’चे स्वतंत्र नियम केले. वाइन टिकावी म्हणून घालतात त्या सल्फाइटची मर्यादा साध्या लाल वाइनला लिटरमागे १५० मिलिग्रॅम आहे, सेंद्रिय लाल वाइनला १००.

सल्फाइटनं काही दमेकऱ्यांना त्रास होतो, त्यांच्यासाठी हा फरक कामाचा आहे. पण सल्फाइटचीच धास्ती असेल तर घरातला मनुक्यांचा डबाही उघडून पाहा. पिवळेधमक मनुके गंधकाची धुरी दिलेले असतात. विरंजित मनुक्यांसाठी आंतरराष्ट्रीय अन्नमानकातली मर्यादा किलोमागे १५०० मिलिग्रॅम आहे.

कोशर हा ज्यू धर्माच्या आहारनियमांतला शब्द. कोशर वाइनसाठी वेल लावल्यापासूनची पहिली तीन वर्षं तिचं फळ घेत नाहीत. द्राक्षं चिरडण्यापासून बाटली बंद होईपर्यंत शब्बाथ पाळणारे ज्यूच त्या रसाला हात लावतात. वाइन नितळ करायला कोशर नसलेलं जिलेटिनसारखं काही वापरत नाहीत. या नियमांमागे श्रद्धा आहे आणि ती त्या समाजासाठी मोलाची आहे. कोशर शिक्क्यावरून वाइन कुणी आणि कशी केली हे कळतं. ती तब्येतीला चांगली की वाईट, हे तो शिक्का सांगत नाही, तसा त्याचा दावाही नाही.

बारीक अक्षरातली ओळ

मग मी काकांना बाटलीच्या मागची बारीक ओळ वाचायला सांगितली. ‘अल्कोहोल १३ टक्के.’

आता हिशेब करा. दीडशे मिलिलिटरच्या पेल्यात १३ टक्क्यांनी सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. तीस मिलिलिटरच्या छोट्या व्हिस्कीच्या पेगमधून जातं ते साधारण दहा ग्रॅम. म्हणजे वाइनचा एक पेला दीड छोट्या पेगाइतका झाला. यकृताला ते द्राक्षातून आलं की धान्यातून, सेंद्रिय मळ्यातून की साध्या, हे कळत नाही. ते त्याचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं. हा पदार्थ पेशीतल्या डीएनएला इजा करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं मद्याला १९८८ मध्येच पहिल्या गटातला, म्हणजे माणसात कर्करोग घडवतो असं सिद्ध झालेला पदार्थ ठरवलं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्तन यांच्या कर्करोगांशी त्याचा संबंध आहे. जानेवारी २०२३ मध्ये संघटनेनं स्पष्टच सांगितलं, की मद्याचं कुठलंही प्रमाण आरोग्यासाठी निर्धोक म्हणता येत नाही.

मग ‘हृदयाला चांगली’ हे आलं कुठून? फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकार कमी दिसतो, असं निरीक्षण होतं. १९९१ मध्ये एका अमेरिकी टीव्ही कार्यक्रमानं त्याचं श्रेय लाल वाइनला दिलं आणि तिथली विक्री भराभर वाढली. पुढे नाव पुढे आलं रेझव्हेराट्रॉलचं. हे द्राक्षाच्या सालीतलं एक पॉलिफेनॉल. डोंगरावरच्या वाइनची जाहिरात त्याच्यावरच चालते. पण वाइनच्या लिटरभरात ते मोजके मिलिग्रॅमच असतं. माणसांवरच्या प्रयोगांत दिलेले डोस त्याच्या कितीतरी पट होते.

याची परीक्षा झाली ती इटलीतच. किआंती या वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या भागातल्या दोन गावांमधल्या ६५ वर्षांवरच्या ७८३ जणांच्या लघवीत रेझव्हेराट्रॉलचे अंश मोजले आणि नऊ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०१४ मध्ये निष्कर्ष आला. ज्यांच्या शरीरात ते जास्त होतं, त्यांच्यात मृत्यू, हृदयविकार किंवा कर्करोग कमी आढळले नाहीत. ‘थोडी पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात’ असं सांगणाऱ्या जुन्या पाहण्यांतही एक खोट होती. ‘न पिणाऱ्यां’त आजारपणामुळे दारू सोडलेली माणसंही मोजली होती. साहजिकच तो गट जास्त आजारी दिसला.

काकांच्या बाबतीत तर उत्तर आणखी सरळ होतं. रोजच्या मद्यानं रक्तदाब वाढतो. ज्यासाठी गोळी घ्यायची, त्याच्याच उलट काम करणारा पेला वर घ्यायचा, यात अर्थ काय?

ठाण्यातला पेला

काका थोडे हिरमुसले. म्हणाले, ‘‘पण त्यांच्या धर्मात तर वाइन लागतेच ना?’’ त्याचं उत्तर इटलीत शोधायला नको. कल्याणहून जलद लोकल पकडली की वीस-पंचवीस मिनिटांवर ते आहे.

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ ‘शआर हाशमाइम’ हे १८७९ मध्ये उभारलेलं सिनेगॉग आहे. ते बेने इस्राएल समाजाचं. त्यांच्या परंपरेनुसार पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं आणि वाचलेली माणसं कोकणचीच झाली. घाण्यावर तेल गाळायचा धंदा, पण शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचे. पेणकर, दिवेकर, किहीमकर अशी त्यांची आडनावं आणि बोली मराठी. १९४८ नंतर बरेचसे इस्राएलला गेले. भारतात उरलेल्यांपैकी मोठा भाग आज ठाणे परिसरात राहतो.

शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ सुरू होताना घरोघरी किद्दुश म्हणतात. पेला हातात धरून द्राक्षवेलीच्या फळाबद्दल देवाचे आभार मानतात आणि मग तो सगळ्यांनी मिळून प्यायचा. कोकणात ना द्राक्षांचे मळे, ना कोशर वाइन. मनुके मात्र वाण्याकडे मिळत. या समाजानं काळे मनुके धुऊन पाण्यात भिजवले, कुस्करून गाळले आणि त्या सरबतावर किद्दुश म्हटला. ही पळवाट नव्हती. मनुक्यांपासून केलेलं पेय किद्दुशला चालतं, हे तालमूदमध्येच आहे. आभार मानायचे ते वेलीच्या फळाचे, नशेचे नव्हेत. पोराबाळांपासून आजीपर्यंत सगळे त्याच पेल्यातून पितात.

घरी करायचं असेल तर

मूठभर काळे मनुके रात्री भिजवा, सकाळी कुस्करून गाळा, साखर घालू नका. सालीतलं काही पॉलिफेनॉल पाण्यात उतरतं, अल्कोहोल नसतं. मात्र हेही औषध नव्हे. मनुक्यांत वजनाच्या साठ टक्क्यांहून अधिक साखर असते. तीस ग्रॅम मनुके म्हणजे चार-पाच चमचे साखर. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. चोथा टाकला की तंतूही गेले, म्हणून रोजच्यासाठी ताजी द्राक्षं चावून खाणं बरं. आणि कल्याणच्या उन्हाळ्यात हे सरबत ओट्यावर ठेवून देऊ नका. मनुक्यांच्या सालीवर नैसर्गिक यीस्ट असतं. एक-दोन दिवसांत ते आंबू लागेल. त्याच दिवशी संपवा.

न पिणाऱ्यानं तब्येतीसाठी वाइन सुरू करू नये. जे घेतात त्यांनी जितकी कमी कराल तितकं बरं. झोपेच्या, रक्त पातळ करणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना खरं सांगा. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं मात्र एकदम स्वतःच्या मनानं सोडू नये. अचानक थांबल्यानं फेफरं येऊ शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं.

काकांनी बाटली पिशवीत परत ठेवली. जिन्यात पोचल्यावर वळून विचारलं, ‘‘मनुके किती वेळ भिजवायचे म्हणालात?’’