नक्षी शाबूत, टायर म्हातारा

जुनी कॅराव्हॅन (राहण्याची सोय असलेली गाडी) विकत घेऊन वैनगंगेवरचे ३३ दरवाजांचे गोसीखुर्द धरण पाहायला निघणारे लोक इंजिन, बॅटरी, गॅसची नळी तपासतात. टायरची नक्षी मात्र खोल दिसली की निश्चिंत होतात. समज स्वाभाविक आहे. पण नक्षी झीज सांगते, वय नाही. अशा गाड्या बहुतेक काळ उभ्याच असतात. रबर तरीही ऊन-हवेने कडक होते. खणात वर्षानुवर्षे पडलेला रबरबँड ताणताच तुटतो ना, तसेच. विदर्भातल्या मे महिन्यात तापलेल्या डांबरावर असा टायर फुटायला वेळ लागत नाही.

टायरच्या कडेवर चार अंकी उत्पादन-संकेत (तयार झाल्याचा आठवडा व वर्ष) असतो. २३१७ म्हणजे २०१७चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांहून जुना टायर नवाकोरा दिसला तरी बदलावा. स्टेपनीसुद्धा.