खिशाच्या कोपऱ्यातला तांब्याचा ठिपका

घरात कुणाची तरी जीन्स असेलच. ती घेऊन बसा आणि मगच पुढे वाचा. पुढच्या उजव्या खिशात आणखी एक इवलासा खिसा दिसतोय? दोन बोटं कशीबशी जातात, आणि आत गेलेलं नाणं बाहेर काढताना नाकीनऊ येतात. आता मोठ्या खिशांच्या कोपऱ्यांवरून बोट फिरवा. धातूचे छोटे गोल ठिपके हाताला लागतील. ती बटणं नाहीत, कारण उघडत नाहीत. शोभेचे म्हणावेत तर फारच साधे आहेत. मग शिवणाऱ्यानं ते कशासाठी लावले?

याचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत सापडतं. नेवाडा राज्यातल्या रीनो गावात जेकब डेव्हिस नावाचे शिंपी राहत. मूळचे ते रीगा शहरातले. आज ते शहर लॅटव्हिया देशात आहे. तंबू, घोड्यांच्या झुली, घोडागाड्यांची आच्छादनं अशी जाड कापडाची कामं ते करत. १८७१ च्या सुमारास त्यांच्याकडे एक बाई आल्या. नवरा लाकूडतोडीचं काम करायचा, अंगानं धिप्पाड, आणि त्याची एकही पँट टिकत नव्हती. त्यांना जमेल तेवढी मजबूत पँट हवी होती आणि त्यांनी ३ डॉलर आगाऊ मोजले. डेव्हिसांनी पँट शिवली. जवळच टेबलावर तांब्याचे रिव्हेट, म्हणजे ठोकून पक्के बसवायचे खिळे, पडले होते. घोड्यांच्या झुलींना पट्टे पक्के करायला ते हेच वापरत. त्यांनी खिशांच्या कोपऱ्यांवर ते ठोकून टाकले. त्या पँटीची कीर्ती कानोकानी पसरली आणि मागणी वाढत गेली.

कोपऱ्यावरच का ठोकले, हे कळायला एक प्रयोग करा. कागदाच्या सारख्या मापाच्या दोन पट्ट्या घ्या. एक तशीच ठेवा, दुसरीच्या कडेला मधोमध कात्रीनं लहानशी चीर द्या. आता दोन्ही पट्ट्या टोकांना धरून ओढा. पहिली बराच वेळ दाद देत नाही. दुसरी मात्र चिरेच्या टोकापासून टर्रकन फाटते. सगळ्या कागदानं मिळून पेलायचा ताण त्या एका टोकावर एकवटतो, म्हणून असं होतं. खिशाचं तोंड म्हणजे कापडाला मुद्दाम दिलेली चीरच. हात आत घातला, खिळे-हातोडी कोंबली, वाकलं, बसलं, की सगळा ताण तोंडाच्या दोन टोकांवर येतो. तिथला एक धागा तुटला की त्याचा भार शेजारच्या धाग्यावर पडतो, मग तोही तुटतो. त्यात शिवणीच्या सुईची भोकं रांगेनं पडलेली असतात. वहीचं पान सहज फाडता यावं म्हणून भोकांची रेघ पाडलेली असते ना, अगदी तशी! रिव्हेट कापडाचे सगळे थर दोन्ही बाजूंनी चिमटीत घट्ट धरतो, त्यामुळे ओढ एका धाग्यावर न येता त्या टोपीखालच्या सगळ्या धाग्यांत वाटली जाते. प्रवासी विमानांच्या खिडक्यांना टोकदार कोपरे नसतात, त्यामागेही ताण एका जागी साठू न देण्याचाच विचार आहे.

डेव्हिसांना आपल्या युक्तीचं पेटंट घ्यायचं होतं. म्हणजे ती युक्ती आपली आहे, अशी सरकारदरबारी नोंद. पण त्यासाठी लागणारे ६८ डॉलर उभे करणं त्यांना जड होतं. मग १८७२ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्या व्यापाऱ्याकडून कापड यायचं, त्यालाच पत्र लिहून भागीदारी देऊ केली. त्या व्यापाऱ्याचं नाव लिव्हाय स्ट्रॉस. २० मे १८७३ रोजी दोघांना मिळून पेटंट मिळालं. आज जगभर त्या व्यापाऱ्याचं नाव पँटींवर छापलेलं असतं. ज्या शिंप्याला ही युक्ती सुचली, त्याचं नाव फारच थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून मी ते मुद्दाम पुन्हा सांगते: जेकब डेव्हिस.

आणि तो इवलासा खिसा? तो साखळीच्या घड्याळासाठी होता. मनगटी घड्याळांचा प्रसार व्हायच्या आधी पुरुष गोल घड्याळ साखळीला लावून खिशात ठेवत. कष्टाचं काम करताना ते आपटू नये म्हणून त्याला घट्ट बसणारं वेगळं घर हवं होतं. आता तशी घड्याळं गेली, पण घर राहिलं. जीन्समध्ये असं बरंच काही आलं आणि गेलं. सुरुवातीला मागे एकच खिसा असायचा, दुसरा १९०१ मध्ये आला. पँट गॅलिसवर, म्हणजे खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्यांवर, अडकवत, पट्टा ओवायच्या लुप्स १९२२ मध्ये आल्या. मागच्या खिशांचे रिव्हेट घोड्याच्या खोगिरावर आणि खुर्च्यांवर ओरखडे पाडत, म्हणून १९३७ मध्ये ते कापडाखाली झाकले गेले. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायचा होता, तेव्हा काही रिव्हेट कमीच करून टाकले. आजच्या जीन्सच्या मागच्या खिशांवर बहुतेकदा रिव्हेट नसतात. त्यांच्या जागी एकमेकांना चिकटून मारलेल्या टाक्यांची जाड, आखूड रेघ असते. काम तेच, फक्त धातूऐवजी दोरा.

आता जीन्स उलटी करा. बाहेरून निळी, आतून पांढरट! कापड विणताना उभे धागे निळे घेतात आणि आडवे धागे न रंगवलेले. प्रत्येक उभा धागा तीन आडव्या धाग्यांवरून जातो आणि एकाखालून. त्यामुळे वर निळा जास्त दिसतो, आत पांढरा. नीट पाहिलंत तर कापडावर तिरक्या रेघाही दिसतील.

जुन्या जीन्सच्या उसवलेल्या कडेतून एक निळा धागा ओढून काढा. त्याचा पीळ नखानं उलटा सोडवा आणि भिंगाखाली धरा. आत पांढरा गाभा दिसेल! जीन्सला निळा रंग देणारी नीळ पाण्यात विरघळत नाही. कारखान्यात रसायनांनी आधी तिचं रूप बदलतात, तेव्हा ती पिवळट-हिरवी होऊन पाण्यात विरघळते. सूत त्यात बुडवून बाहेर काढलं की हवेतला ऑक्सिजन लागून बघता बघता निळं होतं. पण हा रंग धाग्याच्या कडेकडेलाच बसतो, गाभ्यापर्यंत पोचत नाही. म्हणूनच घासलं जाईल तिथं, गुडघ्यावर, मांडीवर, खिशाच्या कडेला, जीन्स पांढरी पडत जाते.

खाणकामगारांच्या आणि गुराख्यांच्या पँटी अशा कामानं विटत. पुढे तेच विटलेलं रूप लोकांना आवडू लागलं, आणि आज कोऱ्या पँटी कारखान्यातच विटवून विकतात. काही वर्षं त्यासाठी कापडावर जोरानं वाळूचा मारा करत. त्या वाळूची बारीक धूळ छातीत जाऊन तुर्कस्तानात कितीतरी तरुण कामगारांची फुप्फुसं निकामी झाली, आणि २००९ मध्ये त्या देशानं या पद्धतीवर बंदी घातली. आता पुष्कळ ठिकाणी हे काम लेझरनं होतं. पँट जुनी दिसावी म्हणून माणसानं आजारी पडणं मला मुळीच पटत नाही. तुमची जीन्स तुम्ही खेळून विटवा, त्याला वेळ लागतो पण कुणाला इजा होत नाही.

कोपऱ्याच्या दुखण्यावर आपल्याकडच्या शिंप्यांनीही औषध काढलं होतं, तेही धातूशिवाय. जुन्या पद्धतीचा कुर्ता मिळाला तर त्याची बाही वर करून काखेत बघा. तिथं एक छोटा चौकोनी तुकडा जोडलेला असतो. हा कुर्ता सगळा सरळ तुकड्यांचा असतो: अंगाचा आयत, बाह्यांचे आयत, बाजूला कळ्या. हातमागावरचं कापड विणायला फार मेहनत पडते. गोल काप घेतले की चिंध्या उरतात, सरळ कापलं की जवळपास काहीच वाया जात नाही. पण सरळ बाही सरळ अंगाला जोडली की काखेत काटकोन तयार होतो. हात वर केला की सगळा ताण त्या कोनात येतो आणि शिवण उसवते. काखेतला चौकोन ही ओढ सोसतो. हात खाली असला की तो घडी घालून बसतो, हात वर गेला की उघडतो.

शिवाय तो कोनावर उभा करून लावतात, यात खरी हुशारी आहे. एक रुमाल घ्या आणि समोरासमोरच्या दोन कडा धरून ओढा. तो फारसा ताणला जात नाही. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा. रुमाल रबरासारखा लांबतो! धाग्यांच्या दिशेनं ओढलं तर धागेच अडवतात. तिरकं ओढलं तर धागे एकमेकांवर कलतात आणि कापड वाट देतं. शिंपी या तिरक्या दिशेला उरेब म्हणतात. काखेतल्या चौकोनावर ओढ येते ती नेमकी उरेब दिशेनं. युरोपात १८ व्या शतकातल्या शर्टांनाही काखेत असाच तुकडा असे.

पॅरिसच्या फॅशन डिझायनर मादलेन व्हियोने यांनी १९२० च्या दशकात तर अख्खे झगेच उरेब कापले. प्राचीन ग्रीक मूर्तींच्या अंगावरची वस्त्रं कशी सुळसुळीत पडतात, हे त्यांना फार आवडे. त्या आधी कागदावर चित्र काढत नसत. लाकडाच्या लहान बाहुलीवर कापड गुंडाळून, टाचण्या लावून, पडतंय कसं ते बघत. मग तेच मोठ्या मापात कापत. त्यांचे झगे अंगाबरोबर हलायचे, आणि आजही जगभरचे डिझायनर त्यांच्या कापांचा अभ्यास करतात. काखेतला तो चौकोनही अजून कामावर आहे. योगासनांच्या किंवा डोंगर चढायच्या चांगल्या पँटीत दोन्ही पायांच्या मधे शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा असतो. मांडी घाला, पाय फाका, शिवण उसवत नाही.

आता आपल्या शाळेच्या गॅदरिंगकडे या. शिवलेली नऊवारी तुमच्यातल्या कितीतरी जणींनी घातली असेल. नऊ वार लुगड्याला मुळात एकही टाका लागत नाही, सगळी करामत निऱ्यांची, काष्ट्याची आणि खोचण्याची. ते नेसायला सराव लागतो. शिवणाऱ्या ताईंनी काय केलं? आत दोन पायांची सलवार ठेवली, तिच्यावर निऱ्या पक्क्या केल्या, मागे काष्ट्याचे काठ मधोमध टाकले, कमरेला नाडी किंवा इलॅस्टिक. दोन मिनिटांत पाय घाला आणि नाचायला तयार! जुनं नेसणं नव्या शिवणीत बसवणं अवघड काम आहे, आणि आपल्या दादर-पुण्याच्या शिवणाऱ्यांना ते छान साधलं आहे.

एक गोष्ट मात्र त्यात हरवली: खिसा. पणजीच्या लुगड्याला कनवट होती, ओचा होता. पैसे कनवटीला, शेतातल्या शेंगा ओच्यात. शिवलेल्या नऊवारीत ओचा दिसतो, पण तो बहुधा शिवून बंद केलेला असतो. युरोपातही तसंच घडलं. तिथल्या बायका घेरदार झग्याच्या आत कमरेला दोन मोठ्या पिशव्या बांधत आणि झग्याला ठेवलेल्या चिरेतून हात घालत. १८ व्या शतकाच्या शेवटी अंगाबरोबर पडणारे तलम झगे आले, आतल्या पिशव्यांना जागा उरली नाही, आणि हातात इवलीशी बटवी आली. आजही मुलींच्या कितीतरी जीन्सना नुसती खिशाची शिवण असते, आत खिसा नसतो. ही खोड आता सोडायला हवी.

तेव्हा पुढच्या वेळी फ्रॉक, कुर्ता किंवा परकर शिवायला टाकाल, तेव्हा मापं देतानाच खिसा मागा. तळहात मनगटापर्यंत आत जाईल एवढा खोल सांगा, आणि तोंडाच्या दोन्ही टोकांना जास्तीचे पक्के टाके घालायला सांगायला विसरू नका.