पाहुणा हंस आणि घुसखोर हंस

हिवाळ्यात जायकवाडीच्या नाथसागरावर, म्हणजे अहिल्यानगरच्या नेवासे-शेवगावच्या काठावरही, पट्टकादंब हंस येतात. उन्हाळ्याआधी ते हिमालयापार परततात. इथली हळदी-कुंकू बदके पावसाळ्यात घरटी करतात.

युरोपात मात्र शोभेसाठी आणलेले इजिप्शियन हंस मोकळे सुटले आणि तिथलेच झाले. ते घरट्यांच्या जागेवरून इतर पक्ष्यांना हुसकावतात. २०१७ मध्ये युरोपीय संघाने त्यांना घातक परकीय प्रजातींच्या यादीत घातले.

कॅनडा हंसांची संख्या रोखण्यासाठी अंड्यांना खाद्यतेल लावतात. कवचाची छिद्रे बुजून पिल्लाची वाढ थांबते. अंडी फोडली, तर मादी पुन्हा घालते. तेल लावलेली अंडी ती उबवत बसते.

हा खटाटोप टाळायचा, तर पाळीव हंस-बदके तलावात सोडू नयेत. त्यांच्यापासून रानपक्ष्यांत रोगही पसरू शकतात.