हृद्‌रोहिणीतील स्टेंट : छायेचा अंदाज आणि छेदाचे मापन

हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणारी रोहिणी अरुंद झाली असता तीत फुगा फुगवून मार्ग मोकळा करण्याची क्रिया आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनी १९७७ साली झुरिच येथे प्रथम केली. पुढे १९८६ साली फ्रान्समधील तुलूझ येथे झाक प्युएल यांनी धातूची जाळीदार नळी, म्हणजेच स्टेंट, मानवी हृद्‌रोहिणीत बसविला. एकदा बसविलेला धातूचा स्टेंट सहसा काढता येत नाही. तो अपुरा उघडला, तर त्याच ठिकाणी रोहिणी पुन्हा अरुंद होण्याचा किंवा तेथे रक्ताची गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येण्याचा संभव वाढतो. म्हणून स्टेंट बसविला की नाही, एवढ्याच प्रश्नाने भागत नाही. तो पुरेसा उघडला की नाही, हे कसे ओळखावयाचे, हाच खरा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात त्यासाठी उपलब्ध असलेल्या तीन साधनांची तुलना केली आहे.

पहिले साधन अँजिओग्राफी. १९५८ साली क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स यांनी हृद्‌रोहिणीत थेट रंजकद्रव्य सोडून क्ष-किरणांनी तिचे चित्र घेतले, तेव्हापासून ही पद्धती रूढ आहे. संपूर्ण रोहिणीजालाचा नकाशा तिच्यामुळे एकाच वेळी दिसतो व तिच्यावाचून पुढील कोणतीही क्रिया होत नाही. परंतु तीत दिसते ती पोकळीची केवळ छाया. रोहिणीची भित्ती दिसत नाही आणि चपटी पोकळी एका बाजूने पाहिल्यास रुंद भासते. शिवाय छायेत आपण व्यास पाहतो, रक्तप्रवाहास मात्र क्षेत्रफळ हवे असते. तीन मिलिमीटर व्यासाच्या स्टेंटच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ७.१ चौरस मिलिमीटर असते. तोच स्टेंट अडीच मिलिमीटरपर्यंतच उघडला, तर ते सुमारे ४.९ चौरस मिलिमीटर राहते. व्यासातील अर्धा मिलिमीटर डोळ्यांस क्षुल्लक वाटतो. तथापि क्षेत्रफळ सुमारे तीस टक्क्यांनी घटलेले असते.

दुसरे साधन रोहिणीच्या आतून वापरावयाच्या श्राव्यातीत ध्वनीचे. बारीक नलिकेच्या टोकाशी ध्वनिलहरी उत्पन्न करणारा स्फटिक असतो. परत येणाऱ्या प्रतिध्वनींवरून रोहिणीचा आडवा छेद चित्रित होतो. या लहरी भित्तीत अनेक मिलिमीटर खोल जातात. त्यामुळे भित्तीची पूर्ण जाडी व रोहिणीचा मूळ आकार कळतो. १९९५ साली आंतोनियो कोलोंबो व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच साधनाने दाखवून दिले, की छायाचित्रात निर्दोष दिसणारे अनेक स्टेंट प्रत्यक्षात अपुरे उघडलेले असतात. फुगा अधिक दाबाने फुगवून ते नीट उघडल्यावर, तोवर आवश्यक मानलेली रक्त पातळ ठेवणारी तीव्र औषधे टाळता येतात, असेही त्यांना आढळले.

तिसरे साधन प्रकाशाचे. यात अवरक्त किरणांच्या परावर्तनावरून छेद रेखाटला जातो. ध्वनिचित्राची सूक्ष्मता सुमारे शंभर ते दीडशे मायक्रॉन असते, तर प्रकाशचित्राची दहा ते वीस मायक्रॉन. त्यामुळे स्टेंटची तार भित्तीपासून सुटली आहे काय, कडेला भित्ती चिरली आहे काय, आत गुठळी आहे काय, हे स्पष्ट दिसते. कॅल्शियमच्या थराआड ध्वनिचित्रात नुसती सावली पडते; प्रकाशचित्रात त्या थराची जाडी बहुधा मोजता येते. मात्र प्रकाश एक-दोन मिलिमीटरच खोल जातो. रक्तातून तो पार होत नाही, म्हणून क्षणभर रंजकद्रव्याने रक्त दूर सारावे लागते. ज्याचे मूत्रपिंड दुर्बल आहे अशा रुग्णास हे जादा द्रव्य अपायकारक ठरू शकते. मुख्य डाव्या रोहिणीच्या मुखाशी रक्त नीट हटत नसल्याने तेथे ध्वनीचाच आश्रय सोयीचा होय.

या साधनांमुळे रुग्णाचे हित खरोखर साधते काय? चीनमधील ‘अल्टिमेट’ चाचणीत (२०१८) १,४४८ रुग्ण होते. उपचारित रोहिणीसंबंधीचे दुष्परिणाम एका वर्षात ध्वनिमार्गदर्शित गटात २.९ टक्के, तर केवळ अँजिओग्राफीच्या गटात ५.४ टक्के आढळले. दक्षिण कोरियात १,६३९ गुंतागुंतीच्या रुग्णांवरील चाचणीत (२०२३) हे प्रमाण अनुक्रमे ७.७ व १२.३ टक्के होते. तेथे ध्वनी वा प्रकाश यांपैकी कोणतेही साधन वापरण्याची मुभा होती. त्याच वर्षीच्या ‘इल्युमिएन-४’ चाचणीत मात्र प्रकाशमार्गदर्शनाने स्टेंटचे क्षेत्रफळ वाढले, तरी एकत्रित दुष्परिणामांत निर्णायक फरक पडला नाही. ध्वनी व प्रकाश यांची समोरासमोर तुलना करणाऱ्या ‘ऑक्टिव्हस’ चाचणीत (२०२३) एका वर्षात प्रकाश ध्वनीहून निकृष्ट ठरला नाही.

यावरून निष्कर्ष असा, की ध्वनी श्रेष्ठ की प्रकाश श्रेष्ठ हा वाद गौण आहे. आतून पाहणे आणि न पाहणे यांतील अंतर मोठे आहे. युरोपीय हृद्‌रोग संस्थेने २०२४ साली मुख्य डावी रोहिणी, द्विभाजनस्थाने व लांब अडथळे यांसारख्या प्रसंगी आतून चित्रण करण्याची सर्वोच्च श्रेणीची शिफारस केली आहे. भारतात २०१७ साली स्टेंटच्या कमाल किमती ठरविण्यात आल्या. चित्रणाच्या नलिकेचा खर्च मात्र वेगळा पडतो. तो प्रत्येक रुग्णास झेपेलच असे नाही. म्हणून सरळ व आखूड अडथळ्यात एक वेळ छायेवर भिस्त ठेवता येईल. परंतु जेथे रोहिणी मोठी, अडथळा बिकट व चुकीचे मोल प्राणाचे आहे, तेथे काटकसर अन्यत्र करावी, मापनात करू नये.