दोन तटकरे आणि 2,110 मतं

रायगडच्या किनाऱ्यावर राजकारणाच्या गप्पा रंगल्या की 2014 च्या लोकसभा निवडणुकीचा किस्सा निघतोच. सांगणारा डोळे मिचकावतो आणि म्हणतो, "तटकऱ्यांना तटकऱ्यांनीच पाडलं!"

आकडे तसेच आहेत. शिवसेनेचे अनंत गीते 3,96,178. राष्ट्रवादीचे सुनील तटकरे, तेव्हा राज्याचे जलसंपदामंत्री, 3,94,068. फरक 2,110. आणि त्याच नावाच्या एका अपक्षाला 9,849 मतं! ही सगळी चुकून पडली असं शपथेवर कोण सांगणार? पण त्यातल्या पावभाग मतदारांचा जरी गोंधळ झाला असेल, तरी तो नसता तर खासदार बदलला असता.

असा नावबंधू उभा राहायला फार खटपट लागत नाही. दहा सूचक आणि 25 हजारांची अनामत. दोन नावं सारखी असली तर फरक कळेल असं काही जोडा, एवढंच नियम सांगतो. यंत्रावर मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी, अपक्ष शेवटी. त्यावेळी नावासमोर फोटो नव्हता. निवडणूक आयोगाने तो 2015 पासून आणला. म्हणून जुने कार्यकर्ते वाडीवाडीत नमुना मतपत्रिका दाखवत एकच घोकून घेत: नाव सोडा, निशाणी बघा. हे एकट्या रायगडचं दुखणं नाही. केरळात आलप्पुळा इथे 2004 साली व्ही. एम. सुधीरन 1,009 मतांनी हरले, आणि जवळपास त्याच नावाच्या अपक्षाने 8,282 मतं नेली होती.

तरी मला वाटतं, हा किस्सा सोयीचा आहे म्हणून टिकला. त्याच्या आड खरा हिशेब झाकला जातो. 2009 ला शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप, गीत्यांबरोबर होता. त्यांच्यासमोर काँग्रेसचा बॅरिस्टर अंतुल्यांसारखा नेता 1 लाख 46 हजारांनी पडला. 2014 ला शेकापने रमेश कदमांना स्वतंत्र उभं केलं आणि सव्वा लाखाहून अधिक मतं वेगळी निघाली. देशभर मोदींची लाट होती, तरी गीते जेमतेम तरले. 2019 ला शेकाप तटकऱ्यांकडे गेला, तटकरे 31,438 मतांनी जिंकले. नावबंधू तेव्हाही रिंगणात होते, पण त्यांचे किस्से कुणी सांगत नाही.

मत ठरतं कुठे, तर प्रचारसभेत क्वचितच. अलिबाग-पेणच्या आगरी पट्ट्यात, मुरूड-श्रीवर्धनच्या कोळीवाड्यांत आणि मोहल्ल्यांत, दापोली-गुहागरकडच्या कुणबी वाड्यांत आधी गावकी बसते. त्याआधी मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाचा फोन आलेला असतो. घर चाकरमान्याच्या पैशावर चालतं, तेव्हा त्याच्या शब्दाला वजन असणारच. साकव झाला का, जेटीचं काम कुणी आणलं, पोराला कंपनीत कुणी चिकटवलं, मयताला कोण आलं होतं, हे सगळं तिथे निघतं. जात बघतात, नाही असं नाही. पण एकाच जातीच्या दोन भावक्या हट्टाने दोन पक्षांत गेलेल्या कोकणात किती दाखवू?

2024 ला तर शेकापची गणितंही उलटली. शेकाप पुन्हा गीत्यांबरोबर, तटकरे अजित पवारांसोबत महायुतीत. शेकापची साथ ज्याला, विजय त्याला, हा ठोकताळा मोडला. तटकरे 82,784 मतांनी आले.

नोटाबद्दल, म्हणजे ‘यांपैकी कोणीही नाही’ या पर्यायाबद्दल, मात्र गप्पांत कुणी अवाक्षर काढत नाही. 2014 ला नोटाला 20,362 मतं होती, म्हणजे जय-पराजयातल्या फरकाच्या जवळजवळ दहापट. 2024 ला ती 27,270 झाली, आणि तटकरे-गीत्यांनंतर रायगडात तिसऱ्या क्रमांकाची मतं नोटाचीच होती.