शेणाची चिमणी

चिमणी म्हटलं की मराठी माणसाला आधी पाखरू आठवतं, मग रॉकेलचा मिणमिणता दिवा, आणि अलीकडे फोडणीचा वास ओढून घेणारं स्वयंपाकघरातलं यंत्र. भिंतीच्या पोटातून छपरापर्यंत चढणारं विटांचं धुराडं आपल्या यादीत शेवटी येतं. इंग्लंडात यॉर्कशरमध्ये आम्ही १८९०च्या सुमाराचं, दोन्ही बाजूंना शेजार असलेलं रांगेतलं घर घेतलं, तेव्हा माझ्या यादीत ते नव्हतंच. दिवाणखान्यात लोखंडी बंद चूल बसवायची आणि हिवाळ्यात लाकडं जाळायची, एवढाच बेत होता.

काजळी काढणाऱ्याने ब्रश वर घातला आणि आधी घमेलंभर काटक्या खाली आल्या. जॅकडॉ नावाचा कावळ्याच्या कुळातला पक्षी धुराड्यात घरटं करतो. एखादी काटकी अडकेपर्यंत वरून टाकत राहतो. काटक्यांमागून तपकिरी खपल्या पडल्या. त्यातली एक बोटांत चुरडून तो म्हणाला, “चुना आणि शेण.”

मला थट्टा वाटली, पण ती थट्टा नव्हती. चुन्यात गाईचं शेण कालवून धुराडं आतून लिंपायची इथे जुनी रीत. १९६५च्या बांधकाम नियमांनी नव्या धुराड्यांना आतून अस्तर सक्तीचं केलं, तोवर बहुतेक घरांची भिस्त या लिंपणावर होती. चिऊकाऊच्या गोष्टीत शेणाचं घर कावळ्याचं असतं. इथे चिमणीच शेणाची निघाली आणि कावळ्याचा भाऊबंद तिचा भाडेकरू. फोनवर आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “अगं, मग मधूनमधून सारवत असतील ना?”

मेख तिथेच आहे. नऊ इंच चौकोनी नळीत सारवायला जाणार कोण? साफ करायला मात्र लहान पोरं चढवत असत. १८७५ साली केंब्रिजजवळच्या फुलबर्नच्या इस्पितळात जॉर्ज ब्रूस्टर हा पोरगा धुराड्यात अडकून दगावला, आणि त्याच वर्षीच्या कायद्यानंतर ही प्रथा खऱ्या अर्थाने संपली. लिंपण मात्र एकदा केलं की कायमचं. शंभर वर्षांच्या कोळशाच्या आम्लधारी धुराने ते खाल्लं, मागोमाग विटांमधला चुना भुसभुशीत झाला.

किती, ते धुराच्या गोळीने दाखवलं. धुराडं थोडं ऊन करायचं, खाली गोळी पेटवायची, वरचं आणि खालचं तोंड बंद करायचं आणि घरभर हिंडून बघायचं. आमच्याकडे कुठेच काही दिसेना. एवढ्यात शेजारीणबाईंनी दार ठोठावलं. त्यांच्या झोपायच्या खोलीत, कधीच बुजवलेल्या शेगडीच्या जाळीतून आमचा धूर येत होता. रांगेतल्या घरांची धुराडी एकाच जुडग्यात असतात. दोन नळ्यांमध्ये जेमतेम अर्ध्या विटेचा आडोसा. तो पोखरला गेला की आपला धूर आणि त्यातला वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड शेजाऱ्याच्या उशाशी. इंग्लंडात २०१०पासून अशी चूल बसवताना त्या वायूचा अलार्म लावणं सक्तीचं आहे.

पण मग इतकी वर्षं जुन्या शेगड्या चालल्याच ना? चालल्या, कारण त्या उधळ्या होत्या. उघड्या शेगडीची बहुतेक ऊब धुराबरोबर वर जाते आणि धुराडं गरम राहतं. बंद चूल ऊब खोलीत ठेवते, म्हणून धूर निवलेला आणि संथ निघतो. धूर साधारण १२० अंश सेल्सियसच्या खाली उतरला की त्यातली वाफ आणि डांबर भिंतीला धरतं. थर चकचकीत काळा झाला की ठिणगी पुरते. पेटलेलं धुराडं हजार अंशांच्या वर जातं. माडीवरच्या भिंतीवर एक पिवळट डाग होता, दोनदा रंग देऊनही वर येणारा. आम्ही ओल समजत होतो, ते डांबर होतं.

उपाय तीन-चार आहेत. मातीच्या किंवा प्यूमिस दगडाच्या नळ्या बसवता येतात, पण वळणावळणाला भिंत फोडावी लागते. रबरी फुगा आत फुगवून भोवती हलकं काँक्रीट ओततात. ते टिकाऊ, पण खर्चिक. आम्ही चुलीच्या तोंडाइतकी, सहा इंच व्यासाची दुहेरी पत्र्याची लवचीक स्टेनलेस नळी घेतली. जुन्या नळीचं क्षेत्रफळ ८१ चौरस इंच, हिचं सुमारे २८. अरुंद वाटेने धूर वेगाने जातो, निवायला सवड मिळत नाही.

ती उतरवणं हा सोहळाच होता. नळीच्या टोकाला टोपी, टोपीला दोर. दोघे छपरावरून सोडताहेत, एक जण खालून ओढतोय. नळीवर बाण छापलेले असतात आणि ते वर बघायला हवेत. उलटी बसली तर आतल्या पत्र्याच्या सांध्यात डांबर साचतं. मग भोवतीच्या पोकळीत पोतीच्या पोती व्हर्मिक्युलाइट ओतलं. हे अभ्रकासारखं खनिज, तापवलं की लाह्यांसारखं फुलतं आणि ऊब धरून ठेवतं. वर जाळीची टोपी बसली, भाडेकरू कायमचा बेघर झाला.

माझ्या मते सगळ्यात वाईट सवय म्हणजे रात्री ओलं लाकूड कोंबून हवा बंद करणं आणि जाळ धुमसत ठेवणं. नवी नळीही त्याने लवकर सडते. इंग्लंडात मे २०२१पासून छोट्या प्रमाणात विकलं जाणारं जळण २० टक्क्यांहून ओलं चालत नाही, ते उगाच नाही. वर्षातून एकदा ब्रशही फिरलाच पाहिजे.

तुमची लेक, भाचा, कुणी इकडे जुनं घर घेत असेल, तर पहिला जाळ घालण्याआधी धुराची गोळी पेटवून घ्यायला सांगा, आणि त्या वेळी शेजाऱ्यांना घरी थांबायला.